मुलीचे मामा

आमच्या कचेरीच्या आवारात लेखण्या दोनच कारणांनी थांबत असत. एक, साहेबांची गाडी फाटकातून आत शिरली म्हणजे. आणि दुसरे, शिवराम मास्तरांचा टांगा फाटकासमोरून गेला म्हणजे. साहेबांच्या वेळी आम्ही उठून उभे राहत असू. मास्तरांच्या वेळी कोणी उठत नसे. परंतु अर्जदार आपले गाऱ्हाणे सांगता सांगता थांबे, स्टँपविक्रेता शिक्का हवेत धरून बसे, आणि मी, ज्याच्या मसुद्यात वकिलांनादेखील खोट काढता येत नसे, तो मीही वाक्य अर्धे टाकून कान देत असे.

टांग्याच्या दोन्ही बाजूंना नव्या सिनेमाची रंगीत पोस्टरे, टपावर भोंगा आणि आत हातात माईक घेतलेले मास्तर. प्रथम नायकाचा आवाज येई, भरदार आणि किंचित खालचा. लगेच त्याला नायिका उत्तर देई, आणि ती अशी काही रुसलेली असे की टांग्यात दुसरे कोणी बसले आहे की काय म्हणून नवखा माणूस वाकून पाही. मग नायिकेची आई खोकत बोले, मग खलनायक हसे. हे सर्व एकाच गळ्यातून. टांगा साखर पेठेत शिरला की हीच माणसे तेलुगू बोलू लागत, विजापूर वेशीपाशी दखनी आणि अक्कलकोट रस्त्याला लागताच कानडी. दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून हात सोललेल्या बायाबापड्यांनाही त्या आवाजापाठोपाठ थिएटरापर्यंत चालत जाताना मी पाहिले आहे.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. शाळेतील शिक्षण सहावीवर थांबले. त्यापुढील सर्व शिक्षण कचेरीतल्या लिंबाखाली झाले, आणि ते कुठे कमी पडल्याचे मला आजवर कोणी दाखवून दिलेले नाही. माणसाची ओळख एका ओळीत बांधणे हे या व्यवसायाचे मर्म होय. अमुक याचा मुलगा तमुक, वय सुमारे इतके, धंदा अमका, राहणार सोलापूर. असंख्य माणसे मी अशी एका ओळीत बांधली. शिवराम मास्तर मात्र गिरणीच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत असूनही मला एका ओळीत बांधता आले नाहीत. म्हणून हा विस्तार.

त्यांचा जन्म मुलीचा. पाळण्यातले नाव शेवंता. ही गोष्ट चाळीत सर्वांस ठाऊक होती आणि मास्तर ती लपवीतही नसत. वयात येता येता त्यांनी ते नाव टाकले, वेणी कापली आणि बापाचा सदरा अंगात घातला. बापाने मारले. आईने अंगारे-धुपारे केले, देवऋषी झाले. शेवटी थकून ती माउली म्हणाली, “शिवराम म्हण न्हायतर काय बी म्हण, पर जेवाय ये.” तेव्हापासून ते शिवराम. ही हकिकत मास्तर स्वतःच सांगत आणि सांगताना हसत. फक्त “जेवाय ये” हे शब्द ते आईच्या आवाजात म्हणत नसत. सगळ्या जगाचा आवाज काढणारा हा मनुष्य, आईचा आवाज मात्र त्याने कधी काढला नाही.

अंगलट ठेंगणी, चाल झपझप. गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा सदरा, खाली लेंगा, केस मानेवर बारीक कापलेले. घशासाठी तोंडात सदैव ज्येष्ठमधाची काडी. बर्फाचे काही पीत नसत, तिखट खात नसत; आमच्या घरी शेंगाचटणी वाढली की ताट हळूच माझ्याकडे सरकवून म्हणत, “अण्णा, ह्यो खलनायक तुमच्या वाटणीचा.” रस्त्यात बाई समोरून आली की आधी नजर खाली जाई. चाळीतल्या नळावर बायकांची गर्दी असेल तर त्यांची घागर रिकामीच परत येई. आमचे कुटुंब कितीदा तरी म्हणाले, “मास्तर, तुम्हाला कसला संकोच? भरून घ्या की.” त्यावर उत्तर ठरलेले असे: “असू द्या वहिनी. तुमचं हुंद्या आधी.”

टोमणे मारणारे नव्हते असे नाही. एकदा गिरणी सुटण्याच्या वेळी फाटकासमोर टांगा उभा होता. नायिका ऐन भरात रुसली होती. गर्दीतून एक धिप्पाड गडी ओरडला, “ए मास्तर, बाई हायस का बाप्या, येकदा सांगून टाक की!” गर्दीच्या माना टांग्याकडे वळल्या. माईक हातात असताना मास्तर कधी चिडत नसत. नायिकेचा आवाज त्यांनी हलकेच बाजूला ठेवला आणि स्वतःच्या आवाजात, भोंग्यावरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, “पाव्हणं, तिकीट काढून आत या. आत अंधार हाय. तितं कुणीच कुणाला हे इचारत न्हाय!” हशा असा उसळला की तो गडी स्वतःच हसत हसत गर्दीत मिसळला. पुढच्या खेळाला मी त्याला रांगेत पाहिले.

थिएटरच्या पासावर मास्तर मला अधूनमधून सिनेमाला नेत. अशाच एका सिनेमात नायिका पागोटे बांधून, मुलगा होऊन, नायकाच्या घरी नोकरीला राहते. थिएटर हसून हसून लोटपोट. अखेर झटापटीत पागोटे पडते, लांबसडक केस मोकळे होतात, नायक डोळे विस्फारतो आणि लगेच गाणे. प्रेक्षकांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतले. मास्तर तेवढे शांत बसून होते. बाहेर चहा घेताना मी विचारले, “का हो, आवडला नाही?”

“आवडला की. काम झ्याक केलंय तिनं,” ते म्हणाले. “पर बगा अण्णा, लोक खूश का झाले? पागोटं पडलं म्हणून. आत केस हायती, हे त्यास्नी पयल्यापास्नं ठावं हुतं. पुरुषाचं सोंग घेतलेली बाई चालती, बाईचं सोंग घेतलेला पुरुष तर लईच चालतो, कारण सोंग कवा ना कवा उतरतंय. माजं पागोटं वढलं तर आत काय निघंल?” आणि त्यांनी आपल्या बारीक कापलेल्या केसांवरून हात फिरवला. “ह्येच निघंल. मग लोकास्नी हसू येत न्हाय. राग येतो.”

मी चहाचा कप खाली ठेवला. बाई कोण आणि पुरुष कोण, हा प्रश्न तोवर मी दाखल्यावरून सोडवीत आलो होतो. त्या टपरीवर प्रथमच माझ्या ध्यानी आले की दाखला लिहिणारा मनुष्य आत डोकावून पाहत नसतो.

तरीही मी त्यांच्या बाबतीत एक प्रयत्न केला. एका साप्ताहिकात कोणा डॉक्टराचा लेख आला होता. अशी वृत्ती ही मनाची व्याधी असून तिच्यावर उपचार होऊ शकतात, असा त्याचा आशय. मी तो कापून ठेवला आणि सुट्टीच्या दिवशी मास्तरांना संपूर्ण वाचून दाखविला. त्यांनी मध्ये एकदाही अडविले नाही. संपल्यावर काडी तोंडातून काढून म्हणाले, “वाचलं झ्याक. पर औषध द्यायचं कुणाला?”

“अर्थात तुम्हांस.”

“मला झोप लागती. भूक लागती. कामात जीव रमतो. माज्यामुळं ज्यांची झोप उडाली, त्यांस्नी द्यावं की डाक्टरनं.”

असे हे मास्तर एका मुलीचे मामा होते, आणि त्यांचा सारा जीव तेथे होता. त्यांची थोरली बहीण गोदाक्का, तिला आम्ही सर्वच अक्का म्हणत असू, पोर लहान असतानाच वारली. मुलीचे नाव मंगल. बाप नामदेव गिरणीत मागावर. मनुष्य सालस, पण पाळीच्या चक्रात पिचून गेलेला. मंगलला वाढविले ते मास्तरांनी. टांग्यातून शाळेत पोहोचविणे, पाढे घेणे, ताप आला की उशाशी बसून एकाच राक्षसाला चार चार आवाज देऊन तिला हसविणे, हे सर्व भिंतीपलीकडून आम्ही वर्षानुवर्षे ऐकले. ती त्यांना मामा म्हणे. दुसरे काही म्हणावे हे तिला कोणी शिकविले नव्हते.

मंगलला वैरागचे स्थळ आले. मुलाचे वडील गणपतराव यांचे बाजारात अडतीचे दुकान, घरी शेती, माणसे भारदस्त. मुलगा मंगलच्या मनास आला होता, हे तिच्या एकाएकी गप्प होण्यावरून चाळीने ताडले. साखरपुडा चाळीच्या अंगणात झाला. रीतीप्रमाणे गणपतरावांनी मुलीच्या मामांना पुढे बोलाविले, कुंकू लावले, खांद्यावर टॉवेल ठेवला आणि स्वहस्ते डोक्यावर टोपी घातली. मास्तरांनी वाकून नमस्कार केला. कोणाला काही वावगे वाटले नाही. नामदेवाने मुद्दाम काही सांगितले नव्हते, आणि गणपतरावांनीही विचारले नव्हते.

लग्न तोंडावर आले असताना कोणीतरी वैरागला जाऊन मास्तरांच्या जन्माची गोष्ट सांगितली. मध्यस्थ निरोप घेऊन आला. मामा म्हणून दुसरा कोणी पुरुष उभा करा. बाई मामा म्हणून उभी राहिली तर आमच्या चार पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाहीतर मांडव घालू नका.

नामदेव रडकुंडीला आला. मास्तरांसमोर बसून म्हणाला, “येका दिसाचा तर प्रश्न हाय. लुगडं नेस, मावशी म्हणून बायकांत हुबा ऱ्हा. दिसभर टांग्यात बाईचा आवाज काढतोसच की. पोरीसाटी येवढं कर.”

मास्तरांनी तोंडातली काडी काढून हातात धरली. मग हळू म्हणाले, “भावजी, पोरीचं लगीन मोडू द्यायचं न्हाय. त्यांनी न्हाईच म्हटलं तर मी मांडवाच्या भाईर हुबा ऱ्हाईन, कुणीच न्हाय म्हणून. पर मावशी म्हणून आत येणार न्हाय.”

दाराआड मंगल उभी होती. मामांच्या पायाशी येऊन बसली, एवढेच.

मी म्हणालो, गणपतरावांस मी असा विनंतीअर्ज लिहून देतो की वाचणाऱ्याचे मन द्रवलेच पाहिजे. मास्तर म्हणाले, “नगं अण्णा. अर्ज केला की मागणारा झालो. मला मागायचं न्हाय, सांगायचं हाय. तुमी संगट चला मातर.” अशा रीतीने एस.टी.ने आम्ही वैरागला गेलो.

गणपतराव ओसरीवर बसले होते. पाणी आले, गूळ आला, पण शब्द येईना. अखेरीस ते म्हणाले, “तुमी आमास्नी फसवलं.”

“कसं?” मास्तरांनी विचारले.

“मामा म्हणून टोपी घेतली.”

“मी मागितली न्हवती, रावसाहेब. तुमी माज्याकडं बगितलं, तुमास्नी मामा दिसला, तुमी टोपी घातली.”

“आमास्नी ठावं न्हवतं.”

“ठावं न्हवतं तवा जे दिसलं, ते डोळ्यांनी दिसलं की. आता जे दिसतंय ते दुसऱ्यानं सांगितलेलं हाय.”

गणपतराव उसळून काही बोलणार, इतक्यात आतल्या उंबऱ्यापाशी बसलेली त्यांची म्हातारी आई पुढे सरकली. दृष्टी अधू, आवाज खणखणीत. “थांब गण्या. मला इचारू दी.” मग मास्तरांकडे तोंड करून, “काय रं, का काय गं, काय म्हणू तुला?”

“पोरीचा मामा म्हणा, आज्जी.”

“बरं. तर सांग, आई नसलेली पोर तू वाढवली. तिला पयलं न्हाण आलं, तवा कुणी बगितलं?”

ओसरीवर बसलेले पुरुष चुळबुळले. माझीही मान खाली गेली. मास्तर म्हणाले, “ह्या अण्णांच्या घरच्या वहिनी आल्या. शेजारच्या दोगीतिगी आल्या. त्यांनी समदं केलं.”

“आन् तू?”

“मी भाईर पायरीवर बसलो हुतो.”

“भाईर? तुज्या घरात, तुज्या हाताखालची पोर, आन् तू आत गेला न्हाईस? तुला काय ठावं न्हवतं व्हय त्यातलं?”

“ठावं हुतं की, आज्जी. पर मामा आत जातो व्हय?”

हे खरे होते. तो दिवस मला आठवत होता. आमचे कुटुंब लगबगीने आत-बाहेर करीत होते आणि मास्तर पायरीवर, गुडघे जवळ घेऊन, काडी चावीत बसले होते. मी त्यांना पानाच्या गादीवर चला म्हणालो तर उठले नाहीत. त्या वेळी मला त्यात काहीच दिसले नव्हते. ज्या एका दिवशी आत जाण्यासाठी जगाने त्यांना दोष दिला नसता, उलट शाबासकी दिली असती, त्या दिवशीही हा मनुष्य पायरीवरच बसला होता, आणि ते कोणाला दाखविण्यासाठी नव्हते.

म्हातारीने काठी जवळ ओढली. मग मुलाकडे वळून म्हणाली, “गण्या, सोंग घेणारा चार माणसांत घेतो. ह्यो कुणी नसताना बी मामाच हाय. आन् घातलेली टोपी काढून घ्यायची चाल आपल्या घरात कवापास्नं आली?”

गणपतराव उठून आत गेले. होकार दिला नाही, नकारही नाही. परतीच्या एस.टी.त मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना काही विचारावे असे मला अनेकदा वाटले. जन्मात प्रथमच मला योग्य शब्द सापडले नाहीत.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक वैरागहून आला. गणपतराव सर्वांना भेटले. मास्तरांपाशी येताच नुसता हात जोडून पुढे गेले. मुहूर्त जवळ आला. आत मंगल गौरीहरापुढे बसलेली. मास्तर मांडवाच्या कडेला, दोरीच्या अलीकडे की पलीकडे हे सांगता येऊ नये अशा जागी उभे होते. अंगात नवा सदरा, डोक्यावर साखरपुड्याची टोपी. भटजींनी घड्याळ पाहिले, घसा खाकरला आणि पुकारले, “मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे!”

कोणी हलले नाही. मास्तरांनी गणपतरावांकडे पाहिले. सगळा मांडव गणपतरावांकडे पाहू लागला. गणपतरावांनी टोपी नीट केली, उपरणे सारखे केले, आणि काहीशा त्रासिक आवाजात म्हणाले, “अवो मामा, मुहूर्त टळतोय. आणा की पोरीला.”

मास्तर आत गेले आणि मंगलला हात धरून घेऊन आले. मंगलाष्टके होईपर्यंत ते तिच्या पाठीशी उभे होते. वरपक्षाचा एक पाहुणा पायताणे घालून उठून गेला. त्याला कोणी थांबविले नाही. चार भाषांत गाव गाजविणारा तो गळा त्या वेळी गप्प होता. फक्त अक्षता पडताना त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले, ते ऐकू आले नाही.

मला सांगायचे आहे ते मात्र यापुढचे.

पाठवणीची वेळ झाली. मंगलने मास्तरांच्या कमरेला मिठी मारली आणि ती सुटेना. रडून रडून तिला उचक्या लागल्या. नव्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीसोबत पाठराखीण म्हणून घरची कोणी बाई जावी, अशी आपली रीत. मंगलला ना आई, ना मावशी, ना आत्या. आमच्या कुटुंबाला ताप भरलेला. तेव्हा ती वैरागची म्हातारी काठी टेकीत पुढे आली. तिचे मन किती मोठे, हे तोवर आम्ही सर्वांनी पाहिले होते. मास्तरांच्या दंडावर हात ठेवून ती म्हणाली, “बाबा, पोरीचे हाल बगवत न्हाईत. तुला दोनी येतंय की. चल तूच पाठराखीण म्हणून. चार दीस तिच्याजवळ नीज, तिला धीर यील. माज्या घरात तुला कुणी काय म्हणणार न्हाय. मी हाय.”

गणपतरावांनीही मान डोलाविली. सर्वांना ते पटले. मलाही पटले, हे येथे नमूद करतो. मंगलने मान वर करून आशेने मामांकडे पाहिले.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. जन्मभर जिला क्षणभर नजरेआड केले नाही, तिच्यासोबत जाण्याची वाट समोर उघडी होती, आणि तीही प्रेमाने उघडलेली. ते वाकले आणि म्हातारीच्या पायांना हात लावला.

“आज्जी, तुमचे उपकार लई हायती. पर आवाज दोनी येतात मला. माणूस येकच येतोय. पाठराखीण बाई असती. मामा मुळाला येतो, पोरीला माघारी आणायला. मी मुळाला यीन.”

मग मंगलचे हात त्यांनी एकेक करून कमरेवरून सोडविले. “मंगे, ही आज्जी झोपंल तुज्याजवळ. मी हितं जागा हाय. मी आलो न्हाई तर म्हण मामा न्हवता.”

मंगलने पदराने तोंड पुसले. आश्चर्य असे की ती पुन्हा रडली नाही. म्हातारीचा हात धरून ती ट्रककडे गेली, वर चढली आणि मामांकडे तोंड करून बसली. म्हातारीने तिला जवळ ओढून घेतले.

ट्रक वळणाआड गेला तरी मास्तर रस्त्याच्या मधोमध उभेच होते. धूळ खाली बसली. मी जवळ जाऊन काही समजुतीचे बोलावे म्हणून शब्द जुळवीत होतो, तोच ते वळले. मांडव सोडणाऱ्या गड्यांत शिरून त्यांनी एका खांबाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. वर ताणलेले कापड सैल होऊन खाली येऊ लागले, तसे त्याचे एक टोक त्यांनी धरले आणि दुसरे धरायला समोर कोणी आहे का, हे पाहण्यासाठी मान वर केली.